उसळत्या चेंडूची गणिते शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम

प्रक्षेप्य गतीमधील, म्हणजे हवेत फेकलेल्या वस्तूच्या गतीमधील, विशेषतः टप्पे घेणाऱ्या चेंडूची उदाहरणे शिकवणारा हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. आडवा आणि उभा वेग पहिल्या ओळीपासून वेगळे मांडण्याची त्याची शिस्त मला मनापासून आवडली. ५ मीटर उंचीवरून सेकंदाला ४ मीटर या आडव्या वेगाने सुटलेला चेंडू, गुरुत्वीय त्वरण १० धरल्यास, १ सेकंदाने ४ मीटरवर आदळतो; आदळल्यावर उभा वेग १० वरून ०.६ पट, म्हणजे ६ होतो, चेंडू १.८ मीटर उसळतो आणि दुसरा टप्पा ८.८ मीटरवर पडतो. पुढचे अगणित टप्पे भूमिती श्रेढीत (जिच्यात प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या ठरावीक पट असते) बसवून उसळणे चेंडू सुटल्यापासून एकूण ४ सेकंदांतच संपते, हे पाहताना मला खरोखर आनंद झाला. आकृत्या कामापुरत्या आहेत.

सरावसंचातील एका उत्तरात मात्र संपूर्ण वेगालाच ०.६ ने गुणले आहे. जमीन गुळगुळीत असल्यास आडवा वेग बदलतच नाही, त्यामुळे ही चूक गंभीर आहे, आणि कळवूनही ती अद्याप दुरुस्त झालेली नाही. सूत्रे पाठ असूनही पहिल्या टप्प्यापाशीच अडणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. उत्तरे मात्र स्वतः पडताळून पाहावीत.