डायरेक्ट म्हणून पैसे घेतले आणि चेन्नईत उतरवलं

मे महिन्यात सांगलीहून आम्ही चौघं सिंगापूरला गेलो, मी, बायको, पोरगा आणि आई. आईचे गुडघे दुखतात म्हणून विश्रामबागेतल्या टूरवाल्याला मी एकच गोष्ट बजावली होती, पैसे जास्त घे पण विमान डायरेक्ट पाहिजे. त्यानं माणशी साडेसहा हजार जादा घेतले पण.

मुंबई-सिंगापूर साधारण 3900 किलोमीटर, डायरेक्ट विमानाला साडेपाच तास. त्यानं दिलेल्या कागदावर जाताना रात्री 11.30 ला निघून सकाळी 7.30 ला पोचायचं होतं. मी म्हटलं हे आठ तास कसे काय, तर हसला, "अहो दादा, तिथलं घड्याळ अडीच तास पुढं असतं, वजा करा की." बरोबर होतं. गेलो पण डायरेक्टच.

येतानाचं बघा आता. संध्याकाळी 5 ला निघणार, रात्री 10.30 ला मुंबई. साडेपाच तास दिसले आणि मी गप बसलो. डोक्यातच आलं नाही की येताना घड्याळ मागं येतं, तेव्हा अडीच तास मिळवायचे, म्हणजे हे झाले आठ! डायरेक्ट असतं तर कागदावर तीनच तास दिसायला पाहिजे होते. गणित त्यानंच शिकवलं आणि त्याच गणितात मला गंडवलं.

कळलं कधी, तर सिंगापूरच्या काउंटरवर. बॅगेच्या टॅगवर एमएए छापलेलं, मुंबईचं तर बीओएम असतं. पोरानं मोबाईलवर बघितलं तर ते निघालं चेन्नई. पुढचं तिकीट वेगळ्या कंपनीचं, पीएनआर वेगळा. संध्याकाळी साडेसहाला चेन्नईत उतरलो, इमिग्रेशनची रांग, बॅगा घ्या, कस्टम, आईची व्हीलचेअर यायला उशीर, हे सगळं करून काउंटरला पोचलो तर 7.50 झालेले आणि 8.30 च्या विमानाचं चेक-इन बंद. दोन्ही तिकिटं एका पीएनआरवर असती तर पुढच्या विमानात बसवलं असतं, वेगळी असली की कोणीच जबाबदारी घेत नाही. आई रात्रभर खुर्चीत पाय लांब करून बसली आणि सकाळच्या विमानाला 36,800 गेले ते वेगळेच.

टूरवाला म्हणतो, "डायरेक्ट असं लिहून कुठं दिलंय?" खरंच दिलं नव्हतं, सगळं फोनवर. त्याचा तो स्वतः टाईप केलेला कागद, त्यावर ना विमान नंबर ना पीएनआर. तिकीट घेताना विमान कंपनीचं ई-तिकीट मागा, पीएनआर कंपनीच्या साईटवर टाकून बघा आणि कागदावर 'नॉनस्टॉप' लिहून घ्या, कारण डायरेक्ट म्हटलं तरी विमान मध्ये थांबू शकतं. मी 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार टाकलीय, बघू.

परवा शेजारचे काका त्याच्याकडचाच बँकॉकचा कागद घेऊन आले. बँकॉक दीड तास पुढं, विमान चार-सव्वाचार तासांचं, म्हणजे येताना कागदावर पावणेतीनच्या आसपास दिसायला पाहिजे. दिसत होते सहा. काका म्हणाले, "अरे पण त्यानं मला शपथेवर सांगितलंय."