‘चार दिवसांपुरतं करून द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक

पैसे बुडवणारी गिऱ्हाइकं आपल्या धंद्यात नवी नाहीत. सगळ्यांनाच भेटतात. आपण मनातल्या मनात शिव्या घालतो आणि पुढच्या कामाला लागतो. मी सांगतोय तो प्रकार वेगळा आहे. यात गिऱ्हाइकाला काम जेमतेम हवं असतं, तुमच्या नावाचं बिल मात्र नक्की हवं असतं. मी वायरमन आहे, त्यामुळे विजेच्या भाषेत सांगणार. प्लंबर, वेल्डर, गवंडी यांनी आपापल्या कामाची नावं घालून वाचावं.

एका गाळ्याचा मेन स्विच जळला होता. स्विच बदलणं अवघड नव्हतं, अडचण केबलची होती. स्विचमध्ये शिरणारं टोक काळं पडलेलं, वरचं पीव्हीसीचं आवरण कडक होऊन तडकलेलं. जळका भाग छाटत गेलो आणि चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल इतकी आखूड झाली की ती स्विचपर्यंत पोचेना. अशा वेळी खरा इलाज एकच, मीटरपासून स्विचपर्यंत लोड मोजून नवी केबल ओढायची. तसं मी मालकांना सांगितलं.

मालकांनी लगेच मान डोलावली. “भाऊ, केबल बदलायचीच आहे. बोर्ड नवं, अर्थिंग नवं, सगळं तुमच्याकडेच देणार. पण आत्ता माल अडकलाय, तेवढं चार दिवसांपुरतं चालू करून द्या.” वर असंही म्हणाले, की तात्पुरतंच आहे तर आत्ता निम्मे पैसे घ्या, उरलेले मोठ्या कामात वळते करू. या दोन वाक्यांत पुढचं सगळं आलं होतं. मोठ्या कामाचं आमिष दाखवायचं, त्या आमिषावर छोट्या कामाचे पैसे अडकवायचे. आता कुणी असं बोललं की मी मोठ्या कामाच्या केबलचे पैसे आगाऊ मागतो. खरं गिऱ्हाईक फार तर घासाघीस करतं. दुसऱ्या जातीचं गिऱ्हाईक लगेच दुखावतं.

काम काय केलं ते नीट सांगतो, कारण पुढे सगळा वाद त्यावरच झाला. त्याच मापाचा केबलचा तुकडा घेतला, स्लीव्ह घालून क्रिम्प केला, म्हणजे दाबून घट्ट बसवला, जॉइंट बंद डब्यात ठेवला आणि ४० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच) काढून १६ चा बसवला. दिवे, पंखे आणि एखादा कॉम्प्युटर, बस. एसी नाही, मोटर नाही. १६ का, तर माझा जॉइंट नवा असला तरी मागची केबल आतून किती भाजलीय ते बाहेरून कळत नाही. साध्या पीव्हीसी केबलचं तापमान ७० अंशांच्या आत राहावं असा हिशेब असतो. एकदा ती त्याच्या बरीच वर गेली की आवरण ठिसूळ होतं, आणि तांब्यातून उष्णता लांबवर जाते. म्हणजे मी छाटलं त्याच्या पलीकडेही केबल अधू झालेली असणार. तिच्याकडून पूर्ण काम करून घ्यायचं नव्हतं, नवी येईपर्यंत तग धरायला लावायचं होतं.

बिलाच्या तळाला मी लिहिलं: तात्पुरती जोडणी, १६ अँपिअरपेक्षा जास्त भार देऊ नये, केबल बदलणे आवश्यक. मालक म्हणाले, “एवढं कशाला लिहिता? नुसतं ‘मेन स्विच दुरुस्ती’ लिहा, हिशेबाला सोपं जातं.” मी ओळ ठेवली. त्यांनी बिलाचा मोबाइलवर फोटो काढला. मीही डब्याचे, जॉइंटचे आणि १६ चा आकडा दिसेल असे एमसीबीचे फोटो काढले. ही सवय मला माझ्या उस्तादांनी लावली होती. त्यांच्या वेळी मोबाइल नव्हते, ते वहीत आकृती काढून गिऱ्हाइकाची सही घ्यायचे.

त्यानंतर ‘पुढच्या आठवड्यात’ सुरू झालं. मग फोन उचलणं बंद झालं. तोवर गाळा भाड्याने गेला होता. भाडेकरूला सांगितलं होतं की वायरिंगचं काम नुकतंच वायरमनकडून करून घेतलंय, आणि पुरावा म्हणून माझ्या बिलाचा फोटो पाठवला होता. माझं नाव, माझा फोन, ‘मेन स्विच’ हे शब्द, सगळं त्यात होतं. तळाची ओळ तेवढी कापलेली.

भाडेकरूने एसी लावला, मोटर लावली. १६ चा एमसीबी पडायला लागला, आणि तो पडायलाच हवा होता. त्याने मालकाकडे तक्रार केली. मालकांनी मला बोलावलं नाही, कारण मला बोलावलं असतं तर केबलचा विषय निघाला असता. त्यांनी दुसऱ्याच कुणाकडून पुन्हा ४० चा बसवून घेतला. तक्रार थांबली. पुढे एका दुपारी डबा वितळला, वरची भिंत काळी झाली, शेजारच्या मांडणीवरचा माल जळाला. माणसं बाहेर होती म्हणून वाचली. आणि मालकांनी भाडेकरूला माझा नंबर दिला: “काम यांनी केलंय, भरपाई यांच्याकडून घ्या.”

मालकांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. जॉइंट चांगला असता तर त्याने ४० अँपिअर सोसले असते, आणि लोड जास्त झाला असता तर एमसीबी पडला असता. एमसीबी पडला नाही, म्हणजे जॉइंटच वाईट. ज्याला वीज कळत नाही त्याला हे पटतं. भाडेकरूलाही पटलं होतं. म्हणून त्याचं उत्तर इथे देऊन ठेवतो, उद्या तुमच्यावर वेळ आली तर उपयोगी पडेल.

घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तो तासभर पडता कामा नये आणि १.४५ पट करंटला तासाभराच्या आत पडला पाहिजे. म्हणजे ४० चा एमसीबी ५८ अँपिअर जवळजवळ तासभर वाहू देऊनही निर्दोष ठरतो. अधू केबलला तेवढा वेळ पुष्कळ झाला. दुसरी गोष्ट, एखाद्या ठिकाणी संपर्क बिघडून फक्त ०.१ ओहम रोध तयार झाला, तर २० अँपिअरला तिथे ४० वॉट उष्णता निघते. ती एका सोल्डरिंग आयर्नची उष्णता झाली, बंद डब्यात, तासन् तास. करंट दुप्पट करा, उष्णता चौपट होते, १६० वॉट. आणि हे चाललेलं असताना एमसीबीला काहीच कळत नाही, कारण करंट त्याच्या मर्यादेतच असतो. आरसीसीबीलाही (वीज बाहेर गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) कळत नाही, कारण तो गळती बघतो आणि इथे गळती नसते. आग लागेपर्यंत सगळी संरक्षणं गप्प बसू शकतात. म्हणून अशा ठिकाणी भार आधीच कमी करून ठेवणं हाच आपल्या हातातला उपाय असतो. तोच त्यांनी उपटून टाकला होता.

मला वाचवलं ते फोटोंनी. माझ्या फोटोत १६ दिसत होता, भिंतीवर ४० चा होता. मालक म्हणाले, फोटो दुसऱ्या जागेचा असेल. मग आम्ही जळक्या बोर्डातला एमसीबी काढून बघितला. त्याच्या बाजूला छापलेला उत्पादनाचा महिना माझ्या बिलाच्या तारखेनंतरचा होता. जो एमसीबी मी काम केलं तेव्हा कारखान्यातून बाहेरच पडला नव्हता, तो मी कसा बसवणार? भाडेकरूने ते पाहिलं, पूर्ण बिलाचा फोटो पाहिला आणि त्याचा मोर्चा मालकाकडे वळला. माझे उरलेले पैसे आजतागायत आलेले नाहीत. काम गेलं ते वेगळंच, कारण ‘त्यांनी केलेलं बोर्ड जळलं’ एवढंच लोकांच्या कानावर जातं. महिना-तारीख कोण ऐकून घेतं?

आता मूळ प्रश्न, अशी कामं घ्यावीत का? काही जण म्हणतात अजिबात हात लावू नये. मला ते पटत नाही. रात्री कुणाच्या घरात ठिणग्या उडताहेत आणि आपण ‘पूर्ण वायरिंग करणार असाल तर येतो’ म्हणायचं, हा धंदा नव्हे. पण तात्पुरत्या कामात दोन प्रकार आहेत. एक म्हणजे धोका थांबवणं: जळकी लाइन तोडून टोकं बंद करणं, गळका नळ मागून बंद करणं, झुकलेल्या भिंतीला टेकू देऊन खालून माणसं हलवणं. हे काम रात्री-अपरात्री घ्यावं, पैसे नाही मिळाले तरी घ्यावं. दुसरा प्रकार म्हणजे धोका तसाच ठेवून गाडं चालू करून देणं. फसवणारं गिऱ्हाईक जवळपास नेहमी हाच दुसरा प्रकार मागतं आणि त्यासाठी पहिल्या प्रकारातली घाई दाखवतं. माझं काम दुसऱ्या प्रकारातलं होतं. मी त्याला १६ चा लगाम घातला होता, पण लगाम गिऱ्हाइकाच्या ताब्यातल्या बोर्डात होता.

आणि यात एक विचित्र गोष्ट आहे. आपण तात्पुरतं काम जितकं नीट करतो तितकी पक्क्या कामाची निकड संपते. दिवे लागले, पाणी आलं, मग खर्च कशाला? हे लहान गिऱ्हाइकांपुरतं नाही. १९७४ साली इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो इथल्या रासायनिक कारखान्यात ओळीने सहा रिअ‍ॅक्टर होते. पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढला आणि चौथा व सहावा एका तात्पुरत्या पाइपने जोडून उत्पादन पुन्हा सुरू केलं. त्या पाइपची आकृती वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढली होती, रीतसर हिशेब झालेला नव्हता. पाइप सुमारे दोन महिने चालला. १ जूनला तो फाटला, वायू पसरला, स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. त्या दोन महिन्यांत ‘चाललंय की व्यवस्थित’ असं किती जणांना वाटलं असेल.

काही मागण्या अशा असतात की तिथे अट, फोटो, सही कशाचाच उपयोग नाही, सरळ नाही म्हणायचं. आरसीसीबी सतत पडतो म्हणून तो बायपास करून द्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाच्या अंगातून जाणारा करंट जीवघेणा होण्याआधी तोडण्यासाठी असतो. तो पडतोय याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, ती शोधायची. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतोय, त्याला प्लग मारून द्या. तो ठिबकतोय कारण आतला दाब वाढतोय किंवा व्हॉल्व्ह खराब झालाय. पाणी तापलं की हीटर बंद करणारा थर्मोस्टॅटही अडकला आणि टाकी फुटली, तर तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. डिझेल-पेट्रोलची टाकी रिकामी आहे, एक टाका मारून द्या. वेल्डर मंडळींना सांगायला नको, रिकाम्या टाकीत राहिलेली वाफच भरलेल्या टाकीपेक्षा घातक. अशा कामात काही झालं तर गिऱ्हाईक म्हणणार, ‘आम्हाला काय कळतं, मिस्त्रींनी करून दिलं.’ आणि या एका बाबतीत त्याचं खरंच असेल.

बाकी कामं घ्यायची तर बिलाची पद्धत बदला, मी बदलली आहे. इशारा तळाला लिहीत नाही, आता तो पहिल्या ओळीत, रकमेच्या वर असतो, म्हणजे तो कापला तर माझं नावही कापलं जातं. कोणती तारीख उलटल्यावर ही जोडणी वापरायची नाही ते लिहितो. डब्यावर आणि एमसीबीच्या शेजारी न पुसणाऱ्या पेनने तेच लिहितो, कारण बिल मालकाच्या खिशात राहतं आणि भाडेकरूला बोर्डच दिसतं. काम संपल्यावर तोच मजकूर फोटोंसकट गिऱ्हाइकाला मेसेजने पाठवतो. त्याने उत्तर नाही दिलं तरी तो मेसेज गेल्याची तारीख राहते. तात्पुरत्या कामाचे पूर्ण पैसे त्याच दिवशी घेतो. ‘मोठ्या कामात वळते करू’ याला माझं ठरलेलं उत्तर आहे: मोठ्या कामातून तेवढे कमी करीन, आत्ताचे द्या. आणि बिलावरून इशारा काढा असं कुणी म्हटलं, तर हत्यारं पिशवीत भरतो.

तुमचं असं एखादं काम कुठे लोंबकळत असेल आणि मालक फोन उचलत नसेल, तर आजच एक मेसेज पाठवून ठेवा: जोडणी तात्पुरती होती, मुदत संपली आहे, वापर बंद करा. जागेवर दुसरं कुणी राहतंय असं कळलं तर त्यांनाही प्रत्यक्ष जाऊन सांगा, बोर्ड उघडून दाखवा. मालक चिडेल. त्याच्याकडून पुढचं काम तसंही येणार नव्हतं.