‘कावा’ उलगडणारं शिकागोचं कोशस्थळ

चौथीला शिवरायांचा इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाने शिकागो विद्यापीठाचं ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ हे संकेतस्थळ हाताशी ठेवावं, असं मी आग्रहाने सांगेन. पैसे लागत नाहीत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, सगळं एका जागी.

माझ्या लेखी त्याचं मोल ‘कावा’ या एका शब्दाने ठरलं. वर्गात ‘गनिमी कावा’ म्हटलं की मुलं लगेच ‘लपून हल्ला’ म्हणतात. परीक्षेला ते चालतं, पण शब्दातला घोडा त्यात हरवतो. कावा हा फारसीतून आलेला, स्वारांच्या तोंडचा शब्द. घोड्याला रिंगणात फिरवायचं, मंडल घ्यायला लावायचं, म्हणजे कावा द्यायचा. पुढे निघालेला स्वार वळसा घेतो आणि भलत्याच बाजूने अंगावर येतो. डाव, कपट हा अर्थ त्या वळशातूनच आला असणार, असं मला वाटतं. ‘गनीम’ मूळचा अरबी, म्हणजे शत्रू. मुघल मराठ्यांना गनीम म्हणत. त्यांनी आपल्याला वैरी ठरवण्यासाठी वापरलेला शब्द आपण आज अभिमानाने मिरवतो, हे मुलांना सांगताना मला फार आनंद होतो.

मग कात्रजचा घाटही जास्त रंगतो. 1663 साली लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून घाटाकडे पिटाळले, मुघल फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, अशी गोष्ट परंपरेने चालत आली आहे. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार तिच्याशीच जोडतात.

आता वापराचं. मोल्सवर्थमधले अर्थ इंग्रजीत आहेत, तेही दीडशे वर्षांपूर्वीच्या. मोठ्यांना त्याची गोडी लागते, चौथीतल्या पोरांना नाही. त्यांच्यासाठी मी दाते-कर्वे उघडते: अर्थ मराठीत, शिवाय जुन्या साहित्यातले दाखले. हा कोश 1932पासून खंडाखंडाने निघाला, त्यामुळे लेखनही त्या काळचं. क्रियापद सापडलं नाही तर ‘करणें’सारखा शेवटी अनुस्वार देऊन पुन्हा शोधा.