ग्रुपात शंका काढणारे 'सर'सुद्धा त्यांचेच होते

माझे ५,५३,८८० रुपये गेलेत. आकडा पूर्ण लिहितोय, कारण 'पाच-साडेपाच लाख' म्हटलं की समोरचा लगेच 'जाऊ द्या ओ, तब्येत सांभाळा' म्हणतो. त्यात माझी ग्रॅच्युइटी होती आणि बायकोनं भिशी लावून, सोसायटीत आरडी भरून जमवलेले दीड लाख होते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. ऑडिटमध्ये कधी एक बोल्ट कमी भरला नाही. तेव्हा 'एवढा हिशेबी माणूस कसा फसला' म्हणणाऱ्यांनी आधी सगळं वाचावं, मग बोलावं.

व्हॉट्सॲपचा ग्रुप, खोटं ॲप, त्यावर चढत जाणारा आकडा, पैसे काढायला गेलं की मागितलेला 'टॅक्स' हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. खरं हा ग्रुप तसा दिसतच नव्हता. 'आज घ्या, महिन्यात दुप्पट' असं तिथं कुणी लिहीत नव्हतं. तिथं वाद चालायचा. माणसं एकमेकांना खोडून काढायची, आकडे मागायची, रात्री अकरा-अकरापर्यंत. जिथं लोक भांडतात तिथं लबाडी नसते असं मला वाटलं, आणि कुणालाही वाटलं असतं.

विषय होता इंटरनेटवरून उंची दर्जाचं संगीत ऐकवण्याच्या तंत्रज्ञानाचा. इंग्लंडमधली एक कंपनी, तिची भारतातली शाखा, लवकरच आयपीओ म्हणजे शेअर बाजारात पहिली विक्री, त्याआधी आपल्यासारख्या छोट्या गुंतवणूकदारांना १२५ रुपयांनी अनलिस्टेड, म्हणजे बाजारात अजून न आलेले शेअर. मोठ्या फाइली आवाज न बिघडवता लहान करायच्या आणि गाणी ऐकवणाऱ्या ॲपना त्याचं लायसन्स विकायचं, हा म्हणे धंदा. शेतजमीन, प्लॉट, चंदन असल्या स्कीम घेऊन कुणी माझ्याकडे आला असता तर मी उंबऱ्यावरनंच परत पाठवला असता. खरं गाणं हा माझा जीव आहे. कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीत जन्मले, पलीकडे धारवाड-हुबळी. या पट्ट्यात घरटी एक तरी कानसेन सापडतो. माझ्याकडे दोन ट्रंका भरून कॅसेटी आहेत. कुणाला कुठल्या गळाला लावायचं हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

पहिले २५,००० मी दिले ते टिळकवाडीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये ठेवलेल्या 'डेमो'नंतर. त्या डेमोबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण डोळे उघडायची जागा तीच होती.

एकच तानपुरा आणि त्यावर एक आलाप, दोनदा ऐकवला. आधी 'साधी' फाइल, मग 'आमची'. दुसऱ्या वेळी हॉल भरून गेला, पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळेच पुसले. आता मला कळलंय की दुसऱ्या वेळी आवाज थोडा वाढवलेला होता, बाकी काहीही नव्हतं. तेच गाणं जरा मोठ्यानं लावलं की माणसाच्या कानाला ते जास्त चांगलं, जास्त भरीव वाटतं. म्हणून दोन फाइलींची खरी तुलना करणारे आधी दोन्हींचा आवाज यंत्रानं मोजून सारखा करतात. कुणी असा डेमो दिला तर पहिला प्रश्न हाच विचारा.

आणि त्याहून मोठी गोष्ट समोर टेबलावर होती. स्पीकर ब्लूटूथचा होता. मोबाइल डेमो देणाऱ्या पोराच्या हातात, वायर कुठंच नाही. सीडीच्या दर्जाचा आवाज न दाबता, आहे तसा न्यायचा तर सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. नेहमीचा ब्लूटूथ साधारण ३२८ च्या आसपास नेतो, एलडॅक नावाचा त्यातला चांगला प्रकारही ९९० च्या वर जात नाही. म्हणजे फाइल कितीही उंची असू द्या, असला ब्लूटूथ ती पुन्हा दाबूनच पुढं सोडतो. हे मी विचारलं होतं. सगळ्यांसमोर उभा राहून विचारलं होतं. तो पोरगा हसला आणि म्हणाला, "काका, बरोबर पकडलात. आमचं पेटंट तेच तर आहे, कमी जागेत सगळं बसवायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्तर खोटं होतं. फाइल लहान करणं वेगळं आणि ब्लूटूथनं ती परत दाबणं वेगळं. तिथं एक वायर लावायला सांगितली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण भर हॉलमध्ये आपल्या प्रश्नाचं कौतुक झालं की माणूस खाली बसतो, आणि ते कौतुक त्यासाठीच होतं.

आता ग्रुपातल्या वादाबद्दल. निपाणीकडचे, बँकेतून रिटायर झालेले म्हणवणारे एक सर होते. कंपनीवर सगळ्यात कडक तेच तुटून पडायचे. ॲपलनं २०२१ साली लॉसलेस, म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गमावणारी गाणी जादा पैसे न घेता देऊन टाकली, मग ऐकणारा वेगळे पैसे का मोजेल? एमक्यूए नावाचं असंच तंत्रज्ञान २०१४ मध्ये गाजावाजा करून आलं, २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या दारात जाऊन प्रशासकाच्या ताब्यात गेली, मग तुमचं वेगळं काय होणार? आम्ही सगळे त्यांचा मेसेज यायची वाट बघायचो. समोरून लांबलचक उत्तरं यायची, तक्ते यायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायनं लॉसलेस सुरू केल्याची बातमी आली तेव्हा तर ग्रुपात दोन तट पडले. एक म्हणे बाजार उघडला, दुसरा म्हणे संधी गेली. दोन दिवस जुंपली होती. शेवटी सरांनी लिहिलं, "माझ्या शंका फिटल्या. तीन लाख टाकतोय." त्याच रात्री मी ३,२०,००० पाठवले. त्याआधी १,५०,००० गेलेच होते.

सर त्यांचेच होते. तटसुद्धा दोन्ही त्यांचेच. माझ्या भाच्यानं नंतर अशाच दुसऱ्या एका ग्रुपातले मेसेज मिळवले, तिथं विषय इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीचा होता. सरांची वाक्यं तीच, फक्त नाव वेगळं आणि कंपनी वेगळी. 'माझ्या शंका फिटल्या' हे सुद्धा तसंच. ग्रुपात विरोध करणारा कुणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो विरोध करता करता कधी पैसे टाकतो आणि त्याच्यामागं किती जण टाकतात, ते बघा.

त्या वादात सगळे प्रश्न आले, एक सोडून. ऐकणारा पैसे का देईल यावर रात्री जागवल्या, पण ॲपवाली कंपनी लायसन्सचे पैसे का देईल हे कुणी विचारलंच नाही, आणि विचारू दिलं नाही. उत्तर सरळ आहे. फ्लॅक नावाचा फाइलीचा प्रकार २००१ पासून सगळ्यांना फुकट आहे. त्यात आवाजाचा कण जात नाही आणि फाइल लहान होते. स्पॉटिफायनं लॉसलेस सुरू केलं ते फ्लॅकमध्येच. ॲपल स्वतःचा प्रकार वापरतं, तोही त्यांनी २०११ मध्ये सगळ्यांना मोकळा केला. टायडल या गाण्यांच्या ॲपनं २०१७ पासून एमक्यूए चालवलं आणि २०२४ मध्ये ते सोडून तेही फ्लॅकवर गेले. ज्या कामाला दर्जेदार फुकट साधन आहे, त्याचं लायसन्स विकून कंपनी कशी चालणार? एमक्यूए बुडाल्याचं सरांनी सांगितलं, टायडलनं काय केलं ते गाळलं. अर्धं खरं सांगितलं की बाकीच्या अर्ध्याकडे लक्ष जात नाही.

दुसरी खूण माझ्या पासबुकात होती. पहिल्या २०० शेअरवर 'अंतरिम लाभांश' म्हणून २,५०० रुपये आले. ते एका माणसाच्या नावावरून, यूपीआयनं. कुठली कंपनी लाभांश असा देते? मी विचारलं तर म्हणाले, "रजिस्ट्रार बदलतोय, तात्पुरतं आहे, काका." हातात पैसे आलेले असतात, तेव्हा तात्पुरतं हा शब्द पटतो.

आता कायदा सांगतो, आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. खाजगीरीत्या शेअर विकायचे तर कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना विचारता येत नाही, आणि जाहिरात करता येत नाही. आमच्या एका ग्रुपातच ६०० च्या वर नंबर होते. आणि परदेशातल्या कंपनीचे शेअर म्हणून सांगत असतील तर ते पैसे आपल्या बँकेतून, फॉर्म भरून, परदेशी चलन होऊनच जातात. रुपयांत, कुठल्या तरी ट्रेडर्सच्या करंट खात्यावर जात नाहीत. माझे पैसे गेले ते तीन वेगवेगळ्या ट्रेडर्सच्या खात्यांवर. डीमॅटमध्ये शेअर दिसले का, हे त्यांच्या ॲपवर बघू नका, डीमॅटचे शेअर ज्यांच्याकडे नोंदलेले असतात त्या एनएसडीएल-सीडीएसएल संस्थांच्या स्टेटमेंटमध्ये बघा.

ॲपवर माझे ३,९६० शेअर ३१० च्या भावानं १२,२७,६०० दाखवत होते. विकायला गेलो तर ५ टक्के 'क्लिअरन्स' आधी भरा म्हणाले, ६१,३८०. भरले. विकताना टॅक्स आधी मागणारा ब्रोकर जगात नाही, हे आता मला पाठ आहे. त्यानंतर ॲप उघडेना.

यापुढचं लिहिताना हात थरथरतो.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०, त्याला फोन लावला. लागला, तक्रार घेतली, नंबर दिला, ते ठीक. खरं मी फोन लावला तोवर पहिल्या खात्यातले पैसे पुढं सरकलेले होते. १९,२५० रुपये एका खात्यात अडकवून ठेवलेत म्हणतात, तेही कोर्टाच्या ऑर्डरशिवाय मिळणार नाहीत असं मला तेव्हा सांगितलं. पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात फोन करा. घरात सांगायची लाज वाटते म्हणून रात्र काढू नका, रात्रीत पैसे चार राज्यांत फिरून येतात.

मग पोलीस. कुठलं ठाणं ते लिहीत नाही, बेळगावकरांना सांगायला नको. अर्ज मराठीत नेला होता. टेबलावरच्या माणसानं वरून बघितला आणि सरकवून दिला, "कन्नडात लिहून आणा." बाहेर बसणाऱ्याकडून ३०० रुपये देऊन लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत, "नाळे बन्नी," म्हणजे उद्या या. मग साहेब भेटले तर खाती बघून म्हणाले, "हे खातं कागलच्या शाखेतलं आहे ओ, महाराष्ट्रात येतंय, तिकडं जावा." तिकडं गेलो. तिकडच्या साहेबांनी आधार कार्ड उलटंपालटं केलं, "तुम्ही कर्नाटकातले, गुन्हा तिकडं घडला, तिकडंच द्या." एवढी वर्षं आम्ही नेमके कुणाचे हे ठरवायला दोन सरकारं कोर्टात भांडतायत, आणि माझी तक्रार घ्यायची वेळ आली तेव्हा मी दोघांचाही नव्हतो.

हे बेकायदा होतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते. ईमेलनं दिली तरी चालते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नाही म्हणाले तर एसपींना लेखी पाठवायचं, पोस्टानं. भाषेचं म्हणाल तर घटनेच्या ३५० कलमानं गाऱ्हाणं मांडायला केंद्रात किंवा राज्यात वापरातली कुठलीही भाषा चालते, आणि बेळगावात मराठी वापरात नाही असं कुणी मला पटवून द्यावं. एका वकिलांच्या मुलीनं ही कलमं कागदावर लिहून दिली. तो कागद टेबलावर ठेवल्यावर माझी फिर्याद घेतली गेली. तोच कागद नसलेल्या माणसाचं काय होत असेल? वडगावातला एक विणकर माझ्यासोबत बसायचा, यंत्रमाग विकून ९०,००० दिलेला. तो यायचाच बंद झाला.

बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार केली तर ही संस्था आमच्याकडे नोंदलेली नाही असं उत्तर. नोंदलेली नाही म्हणूनच तर आलो होतो तुमच्याकडे! नोंदलेल्यांवरच कारवाई करायची असेल तर चोरांनी नोंदणी करायची कशाला? प्रत्येक टेबलावर एकच नजर भेटते, लोभी म्हातारा. मी लोभानं पैसे टाकले नाहीत. चार महिने दोन्ही बाजू ऐकून, वाचून, प्रश्न विचारून टाकले. दोन्ही बाजू एकाच माणसानं लिहिलेल्या असतील हे ओळखायचं काम माझं एकट्याचं नाही, असले ग्रुप आणि खाती दिवसाढवळ्या चालू देणाऱ्यांचंही आहे.

टिळकवाडीच्या त्या हॉलमध्ये जे जे होते त्यांना मी विनवतो, गप्प बसू नका. ग्रुप रागानं डिलीट करू नका, आधी चॅट एक्स्पोर्ट करून मेलवर पाठवा, डिलीट केल्यावर मागचं हाती लागत नाही. यूपीआयचे यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचे नंबर बँकेकडून छापून घ्या. खात्यांची नावं एकमेकांशी ताडून बघा. माझ्या तीनपैकी दोन खाती शहापुरातल्या एका ताईंच्या स्टेटमेंटमध्येही निघाली, आणि आम्ही दोघांनी एकत्र अर्ज दिल्यावर पहिल्यांदा तपास अधिकाऱ्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. तिसरा, चौथा कुणी असेल तर यावं. पुढच्या सोमवारी आम्ही एसपी ऑफिसला जाणार आहोत, सकाळी साडेदहाला, अर्ज मराठीतच घेऊन.