1932 च्या फोर्ड हॉट रॉडला एक्सप्लोररचा 8.8 एक्सल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी 1932 ची फोर्ड कूपे, हॉट रॉड म्हणजे जास्त ताकदीचं इंजिन घालून बदललेली जुनी गाडी. इंजिन शेवरले 350, गिअरबॉक्स 700आर4. मूळ बॅन्जो एक्सल (मधे गोल घर असलेला जुना मागचा एक्सल) काढून त्या जागी 1995 ते 2001 या काळातल्या फोर्ड एक्सप्लोररचा, मूळ डिस्क ब्रेकसह आलेला 8.8 इंची (आतल्या क्राउन गिअरचा व्यास) मागचा एक्सल बसवला आहे. नऊ महिन्यांच्या वापरानंतर निकाल साफ आहे: एक्सल उत्तम आहे. जो काही त्रास झाला तो एक्सलच्या आजूबाजूला केलेल्या कामामुळे झाला.

बॅन्जो बदलायचं कारण ताकदीचं. त्याचे शाफ्ट टोकाला निमुळते असतात आणि हब एका चावीवर (खाचेत बसणाऱ्या धातूच्या छोट्या पट्टीवर) बसतो. 350 चा टॉर्क आणि आजचे चिकट टायर एकत्र आले की शाफ्ट त्या चावीच्या खाचेपाशीच तुटतो. एक्सप्लोररच्या एक्सलमध्ये 31 स्प्लाइनचे (टोकाला तेवढे दाते असलेले) शाफ्ट, 3.25 इंच व्यासाच्या नळ्या आणि डिस्क ब्रेक कारखान्यातूनच आलेले असतात. 1957 ते 1986 दरम्यान बनलेला फोर्डचा 9 इंची एक्सल आणखी दणकट आणि दिसायलाही देखणा आहे, पण रस्त्यावरच्या हलक्या गाडीला तेवढी ताकद लागत नाही आणि डिस्कचा खर्च वेगळा पडतो.

खरेदी करताना एक्सलवरची पत्र्याची पट्टी वाचा. ‘3एल73’ असेल तर 3.73 रेशो (चाकाच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या 3.73 फेऱ्या) आणि लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफरन्शियल). मधला ‘एल’ नसेल तर साधा डिफरन्शियल. लिमिटेड स्लिपच्या क्लच प्लेट जुन्या एक्सलमध्ये बहुतेकदा झिजलेल्या असतात. एक चाक जमिनीवर ठेवा, दुसरं उचला, गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि उचललेलं चाक टॉर्क पान्याने फिरवा. 20 फूट-पाउंडाच्या आत फिरलं तर प्लेट बदलायच्या. शाफ्ट बाहेर काढून बेअरिंग फिरते ती जागा नखाने तपासा. या एक्सलमध्ये रोलर थेट शाफ्टवर फिरतात. खड्डा लागला तर नुसतं बेअरिंग बदलून उपयोग नाही, शाफ्टच बदलावा लागतो.

रुंदी मूळची सुमारे 59.5 इंच असते आणि पिनियन (प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो तो छोटा गिअर) मध्यापासून उजवीकडे सरकलेला असतो. डावी, म्हणजे लांब नळी सुमारे 3 इंच कापायची आणि तिथे दुसऱ्या एक्सलमधला उजवीकडचा आखूड शाफ्ट घालायचा. रुंदी 56.5 इंचावर येते, पिनियन जवळजवळ मधोमध येतो आणि नवीन शाफ्ट करून घ्यावे लागत नाहीत. नळीचं टोक परत जोडताना मात्र अंदाज चालत नाही. कॅरियर (डिफरन्शियलचा पिंजरा) बेअरिंगच्या जागी चकत्या बसवून आरपार सरळ दांडा घाला आणि तो सहज फिरतोय ना, हे प्रत्येक टाक्यानंतर पाहा. मधलं घर बिडाचं असतं आणि नळ्या त्यात दाबून बसवून जागोजागी वेल्ड केलेल्या असतात. त्या फिरू नयेत म्हणून त्यांचा सांधा पूर्ण वेल्ड करून घ्यावा: बीड आधी गरम करून, निकेल रॉडने, इंचभराचे टाके समोरासमोर देत. सलग वेल्ड ओढलं तर नळी वाकते आणि सील काही दिवसांतच गळू लागतं.

यानंतरचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या फोर्डमध्ये प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत, टॉर्क ट्यूबमध्ये फिरतो. ही नळी एक्सलला घट्ट बोल्ट केलेली असते. गाडी पुढे ढकलण्याचा जोर आणि एक्सलला बसणारा पीळ, दोन्ही तीच पेलते. उघडा शाफ्ट लावला की ती नळी जाते. उरलेले पातळ रेडियस रॉड आणि आडवा पाटा हा पीळ पेलू शकत नाहीत. पहिल्याच जोरदार पिकअपला पिनियनचं नाक वर उठतं. म्हणून एक्सल चासीला धरून ठेवणारा फोर-लिंक (चार रॉड) किंवा लॅडर बार (शिडीसारखे दांडे) हवाच. कॉइल-ओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र) लावत असाल तर एक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉडही (एक्सल आणि चासीमधला आडवा दांडा) हवा. फोर-लिंकचे तयार ब्रॅकेट बरेचदा 3 इंची नळीचे मिळतात, ते या नळीवर बसत नाहीत. मागवतानाच 3.25 सांगा.

पिनियनचा कोन गाडी पूर्ण वजनावर उभी असतानाच मोजायचा: सीट, काचा, भरलेली टाकी, सगळं जागेवर असताना. इथे तो रिकाम्या चासीवर ठरवला गेला होता. बॉडी बसल्यावर दीड अंशाने बदलला आणि ताशी 50 मैलांच्या आसपास सीटखाली थरथर सुरू झाली. गिअरबॉक्सची शेपटी 3 अंश खाली असेल तर पिनियनचं नाक तेवढंच वर हवं, फरक एका अंशाच्या आत. फोर-लिंकच्या वरच्या रॉडची लांबी बदलून कोन जुळवला आणि थरथर पूर्ण गेली. त्याआधी प्रोपेलर शाफ्ट दोनदा बॅलन्स करून घेण्याचा खर्च वाया गेला होता. आधी कोन मोजा, बॅलन्स नंतर.

ब्रेकच्या बाबतीत एक चूक अनेकांकडून होते. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीला असेल तर मागच्या लाइनमध्ये 2 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) लागतो, नाहीतर ऑइल मागे परततं आणि पहिला पॅडल पोकळ जातो. ड्रमसाठीचा 10 पीएसआयचा व्हॉल्व्ह डिस्कला लावला तर पॅड घासत राहतात. हलक्या गाडीची मागची चाकं लवकर लॉक होतात, त्यामुळे ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) घ्याच. हँडब्रेकचे छोटे लाइनर डिस्कच्या आतल्या ड्रममध्ये असतात. जुन्या एक्सलवर त्यामागचा पत्रा गंजून सडलेला असणार असं गृहीत धरूनच भाव करा.

चाकांचे बोल्ट 5 बाय 4.5 इंचावर आहेत, जुन्या फोर्डचे 5 बाय 5.5 वर. पुढे-मागे एकच रिम हवी असेल तर हा निर्णय शाफ्ट विकत घेण्याआधीच घ्या.

3.73 रेशो, 0.70 चा ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सचा सर्वात वरचा गिअर) आणि 28 इंची टायर असा मेळ असल्यामुळे ताशी 65 मैलांच्या वेगाला इंजिन 2,040 आरपीएमच्या जवळपास फिरतं. लांबच्या प्रवासाला यापेक्षा निवांत काही नको. ओव्हरड्राइव्ह नसेल तर 3.27 वाला एक्सल शोधा. त्यावर 2,550 च्या आसपास येतं.

क्राउन-पिनियन नवीन बसवला होता, म्हणून 500 मैलांवर ऑइल बदललं. चुंबकावर काळसर लेप होता, तो चालतो. कण किंवा तुकडे नव्हते. ऑइल 75डब्ल्यू-140 सिंथेटिक, सोबत 4 औंस फ्रिक्शन मॉडिफायर (लिमिटेड स्लिपच्या प्लेटसाठी ऑइलमध्ये घालायचं द्रव्य). मॉडिफायर राहिला तर अरुंद वळणावर मागून कडकड ऐकू येते. कव्हर उघडलंच आहे तर क्रॉस शाफ्टचा (डिफरन्शियलच्या छोट्या गिअरांच्या दांड्याचा) 5/16 इंची लॉक बोल्ट नवा घालून थ्रेडलॉकरने बसवा. जुना बोल्ट आतच तुटला की चाकांच्या शाफ्टच्या सी-क्लिप (शाफ्ट आत धरून ठेवणाऱ्या कड्या) काढता येत नाहीत, आणि मग साध्या बेअरिंगसाठीसुद्धा ड्रिल हातात घ्यावं लागतं.

फोर्डचं जुनं फ्लॅटहेड इंजिन आणि अरुंद टायर ठेवून गाडी जुन्या धाटणीचीच ठेवायची असेल तर बॅन्जो काढू नका. तेवढा टॉर्क तो पेलतो, आणि फेंडर नसलेल्या गाडीमागे शोभतो तोच. फक्त हब बसवण्याआधी शाफ्टचा निमुळता भाग ग्राइंडिंग पेस्टने हबशी घासून घ्या, म्हणजे भार चावीवर न येता टेपरवर बसेल.