एकीकडे विजेता, दुसरीकडे आपण सगळे : मतदानाच्या बुद्धिबळाचा वर्षभराचा अनुभव

बुद्धिबळाच्या अ‍ॅपवर एकास एक खेळणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. पण एका बाजूला एकच तगडा खेळाडू, दुसऱ्या बाजूला हौशी लोकांचा संघ आणि प्रत्येक चालीआधी संघात मतदान, हा प्रकार फार कमी जणांनी चालवून पाहिलाय. एका चालीला चोवीस तास, नाहीतर दोन-तीन दिवस मिळतात. ज्या चालीला जास्त मतं ती पटावर जाते. म्हणजे जुनं टपाली बुद्धिबळच, फक्त पोस्टकार्डाऐवजी फोन आणि एका डोक्याऐवजी अनेक. गेलं जवळपास वर्षभर मी हे नियमाने खेळतोय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: संघाची ताकद मतदानात नसते, मतदानाआधीच्या भांडणात असते. भांडण नीट झालं तर सामान्य खेळाडूंचा संघही बलाढ्य माणसाला रोखतो. ते झालंच नाही तर लाख माणसं असूनही उपयोग नाही.

मला याची गोडी लागली ती माजी विश्वविजेता मॅग्नस कार्लसनविरुद्ध संपूर्ण जग या डावामुळे. चेस डॉट कॉमवर ४ एप्रिल २०२५ ला तो सुरू झाला. १ लाख ४३ हजारांहून जास्त लोक एका बाजूला होते, त्यातला एक मी. डाव फ्रीस्टाइल होता, म्हणजे मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांच्या जागा बदललेल्या. त्यामुळे पाठ केलेली सुरुवात कुणाच्याच कामाची नव्हती. कार्लसन मोठ्या फरकाने जिंकेल असा अंदाज होता. १९ मे ला जगाने त्याच्या राजाला शहावर शह देत तीच स्थिती तिसऱ्यांदा आणली (तसं झालं की नियमाने बरोबरी) आणि ३२ चालींत डाव बरोबरीत सुटला. नंतर तो म्हणाला त्याचा आशय असा, की जगाने पहिल्यापासून भक्कम खेळ केला, मात्र फार धाडसी पर्याय निवडले नाहीत.

हे त्याचं निरीक्षण मला अगदी बरोबर वाटतं. गर्दी नेहमी सुरक्षित चाल निवडते. ज्या चालीचं समर्थन एका ओळीत करता येतं तिला मतं पडतात. जिच्यासाठी सात-आठ चाली पुढचं सांगावं लागतं ती मागे राहते. त्या आधीच्या वर्षी आपल्या विश्वनाथन आनंदविरुद्धही जवळपास ७० हजार लोक असेच एकत्र आले होते आणि आनंद जिंकला. म्हणजे माणसं वाढली की खेळ आपोआप वाढतो असं काही नाही.

या सगळ्याचं मूळ १९९९ सालात आहे. हा प्रकार सुरू करणाऱ्या प्रत्येकाने तो डाव एकदा पटावर मांडून पाहावाच. तेव्हाचा विश्वविजेता गॅरी कास्पारोव पांढऱ्या मोहऱ्यांनी, समोर ७५ हून अधिक देशांतले ५० हजारांवर लोक. मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग झोनवर २१ जूनला पहिली चाल पडली आणि २२ ऑक्टोबरला, ६२ चालींनंतर जगाने डाव सोडला. जगाला चाली सुचवायला चार तरुण सल्लागार होते: एटिएन बाक्रो, एलिझाबेथ पेत्झ, फ्लोरिन फेलेकान आणि पंधरा वर्षांची अमेरिकन मुलगी इरिना क्रश. सिसिलियन बचाव नावाच्या सुरुवातीत जगाने दहाव्या चालीला वजीर ई६ वर आणला (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी). ही चाल क्रशने सुचवली होती आणि तोवर ती कुणी खेळलेली नव्हती. एकाच वजिराने ई४ आणि सी४ ही दोन्ही प्यादी धरली. पुढे दोन्ही प्यादी मिळाली, पण त्यासाठी जास्त मोलाचा हत्ती देऊन घोडा घ्यावा लागला आणि राजा डी७ वर उघड्यावर आला. कास्पारोवला असा गोंधळाचा डाव अपेक्षितच नव्हता. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही डावासाठी आपण इतके कष्ट घेतले नाहीत, असं तो स्वतः म्हणाला.

जगाकडे एवढी ताकद आली कुठून? पन्नास हजार लोकांमधून नव्हे. क्रशने आणि तिच्याभोवती जमलेल्या अभ्यासू लोकांनी चालींचा वृक्ष मांडून ठेवला होता: ही चाल खेळली तर हे, त्याने असं केलं तर ते. बाकीचे मतदार तो वाचत, त्यावर वाद घालत आणि मग मत देत. डाव वजिरांच्या अंत्यपर्वात, म्हणजे पटावर मोजके मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, शिरल्यावर हीच घडी विस्कटली. ५१व्या चालीला तिची शिफारस डावलून बी५ ला जास्त मतं पडली; त्या मतदानात खोटी मतं घुसल्याची ओरड झाली. ५८व्या चालीला तर तिचं विश्लेषण वेळेत मतदारांपर्यंत पोहोचलंच नाही, आणि त्यानंतर डाव सावरला नाही. शिवाय जगाची सगळी चर्चा उघड्यावर होती आणि आपण ती वाचत होतो, हे कास्पारोवने नंतर मान्य केलं.

आता आमच्याकडचं सांगतो. कार्लसनचा डाव संपल्यावर आम्ही काही जणांनी खान्देशाचा एक छोटा संघ उभा केला. रावेरकडचा एक केळीबागायतदार, साक्रीचे निवृत्त मुख्याध्यापक (सगळे त्यांना आबा म्हणतात), शहाद्याची गणिताची शिक्षिका, धुळ्याची पण सध्या पुण्यात शिकणारी एक मुलगी, भुसावळचे दोघे रेल्वेवाले, अंमळनेरचा मी, आणि अधूनमधून येणारे-जाणारे. समोर आमच्याच भागातले जुने जिल्हा विजेते. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. एकास एक बसलं तर आमच्यातल्या कुणालाही ते चहा संपायच्या आत हरवतील. चालीला दोन दिवस ठरले. जळगावात राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा भरतात, मुलं कोचिंगला जातात, पण माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्याला शनिवार-रविवार स्पर्धेत बसून खेळणं जमत नाही. अशा माणसाला हा प्रकार अगदी सोयीचा आहे. दुकान, शेती, ड्यूटी सांभाळून खेळता येतं.

सगळ्यात जास्त मी शिकलो एका हत्तीच्या अंत्यपर्वात. सरांकडे एक प्यादं जास्त होतं. त्यांचा राजा डी५ वर, प्यादं ई५ वर, हत्ती एच७ वर. आमचा राजा ई८ वर, हत्ती ए६ वर, आणि चाल आमची. संघातल्या निम्म्या लोकांना लगेच हत्ती खाली नेऊन मागून शह देत सुटायचं होतं. रावेरच्या भाऊंच्या शेतात त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. मोटार चालू करून ते बांधावर बसले आणि रात्री दीडच्या सुमाराला त्यांनी भलामोठा संदेश टाकला. हत्ती सहाव्या ओळीवरच ठेवायचा, ए६ वरून बी६, बी६ वरून परत ए६, बस. तो तिथे आहे तोवर सरांचा राजा सहाव्या ओळीवर पाय ठेवू शकत नाही. आत्ता खाली गेलो तर राजा ई६ वर, स्वतःच्या प्याद्याच्या पुढे जाऊन लपेल. पण प्यादंच ई६ वर सरकलं की ती लपायची जागा त्याच्याच प्याद्याने अडवलेली असेल. मग हत्ती थेट पहिल्या ओळीवर न्यायचा आणि मागून शह सुरू करायचे.

हा बचाव अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखला जातो आणि पुस्तकात तो अर्ध्या पानात संपतो. मी तो आधी वाचलेलाही होता. पण का, हे मला त्या रात्री कळलं, कारण भाऊंना समोरच्या आठ जणांना पटवून द्यायचं होतं. आबांनी लगेच विचारलं, "भो, पन सर प्यादं पुढे नेतीलच कशावरून?" त्यावर शहाद्याच्या ताईंनी उत्तर दिलं: नाही नेलं तर ते जिंकणार कसे? आम्ही बी६ ला मत दिलं. सरांनी बऱ्याच चाली इकडेतिकडे करून पाहिलं, शेवटी प्यादं ई६ वर ढकललं, आमचा हत्ती ए१ वर गेला आणि काही शहांनंतर सरांनी बरोबरीचा प्रस्ताव दिला. मला त्या बरोबरीचा जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या स्वतःच्या कुठल्याही विजयाचा झालेला नाही.

खेळताना आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या आणि त्यांच्याशिवाय संघ टिकला नसता. पहिल्या दिवशी कुणीही मत द्यायचं नाही, फक्त बोलायचं. चाल सुचवली की समोरच्याचं सगळ्यात जोरदार उत्तर काय, हेही त्यानेच लिहायचं. नुसतं "घोडा एफ५ भारी" असं लिहिलेलं धरायचं नाही. बोलणं कुठल्याही बोलीत चालेल. आबा बऱ्याचदा अहिराणीत लिहितात, "वजीर मोकळा शे, पन राजा उघडा पडस," आणि त्यातून स्थिती जितकी पटकन समजते तितकी मला शुद्ध पुस्तकी वाक्यातून समजत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन, म्हणजे चाल शोधून देणारा संगणकाचा प्रोग्राम, वापरायचं नाही. सुरुवातीच्या चालींसाठी पुस्तकं, जुने डाव बघायला आमच्याकडे मुभा आहे. संगणकाला चाल विचारायची मुभा नाही. एका सदस्याच्या सूचना हळूहळू फारच अचूक येऊ लागल्या आणि कारण विचारलं की तो गप्प. त्याला आम्ही शांतपणे बाजूला केलं. मला याचं वाईट वाटलं, पण पर्याय नव्हता. इंजिनाने दिलेली चाल आली की चर्चाच मरते. बरोबर चाल कळली तर भाऊंनी रात्री दीड वाजता एवढं लिहायचं कशासाठी?

तक्रारीही आहेत. आम्ही वापरतो त्या अ‍ॅपमधली चर्चेची जागा फार तोकडी आहे. जुन्या चालीवर कोण काय बोललं होतं ते शोधायला सरकवत बसावं लागतं, त्यामुळे आम्ही समांतर एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठेवलाय. मुदत संपत आल्याची सूचना कधी येते, कधी येत नाही. मे महिन्यात, लग्नसराईत आणि ४५ अंशांच्या उन्हात, संघ पार झोपतो. तेव्हा तीन दिवसांची चाल घ्यावी. आणखी एक खंत मनापासून आहे: डाव लांबला की नवीन आलेला माणूस मत देतो पण आधीचा विचार वाचत नाही. आम्ही आता दर दहा चालींनी कुणीतरी आतापर्यंतची योजना थोडक्यात लिहून ठेवतो. ते काम शहाद्याच्या ताई करतात आणि त्यांच्यामुळेच हा संघ संघासारखा खेळतो.

हे सगळं काही नवीन नाही. १८२४ ते १८२८ मध्ये एडिंबरा आणि लंडनच्या क्लबांनी टपालाने सामना खेळला, एडिंबरा जिंकलं आणि त्यातूनच स्कॉच नावाची सुरुवात रूढ झाली. तिथेही क्लबातली माणसं एकत्र बसून एकेका चालीवर वाद घालत असणार. आंतरराष्ट्रीय टपाली बुद्धिबळात भाषेची अडचण नको म्हणून चाली आकड्यांत लिहायची पद्धत आली: ई ही पाचवी उभी ओळ, म्हणून ई२ वरून ई४ म्हणजे ५२५४. धुळ्याच्या मुलीने हे ग्रुपवर सांगितल्यापासून आमचे रेल्वेवाले दोघे आकड्यांतच लिहितात, त्यांना ते गाडीच्या नंबरासारखं सोपं जातं.

हा प्रकार कुणी खेळावा? ज्याला झटपट तीन मिनिटांचे डाव आवडतात त्याने यात पडू नये, त्याचा जीव दोन दिवसांत वर येईल. ज्याला एकाच स्थितीवर दोन संध्याकाळी घालवायला आवडतं, त्याने जरूर खेळावा. मोठ्या विजेत्याविरुद्धचा जागतिक डाव पुन्हा आला तर त्यात मत द्याच, पण शिकायचं असेल तर आठ-दहा ओळखीच्या, लिहायला न कंटाळणाऱ्या माणसांचा संघ बांधा आणि समोर आपल्या गावातला सगळ्यात चांगला खेळाडू घ्या. असे सर प्रत्येक तालुक्यात एखादे असतातच आणि विचारलं तर आनंदाने हो म्हणतात. आमचा पुढचा डाव सुरू झालाय, यावेळी पांढरे मोहरे आमचे आहेत आणि पहिल्याच चालीवर, ई४ की डी४, मतं अजून सारखीच आहेत.