दाराला बर्गे: नाग नदीकाठच्या तळमजल्यासाठी पूर-फळी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनीतले तळमजले बुडाले. तो पूर डोळ्यांसमोर ठेवून फॅब्रिकेशनवाले आता पुराचं पाणी दाराबाहेरच अडवणारी, दाराच्या मापाची पूर-फळी करून देतात. कल्पना आपल्याच मातीतली आहे. कोल्हापुरी बंधाऱ्यात खांबांच्या खाचांमध्ये बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, सरकवून पाणी अडवतात, तेच इथे चौकटीत केलंय. बंधाऱ्याचे बर्गे पावसाळा सरल्यावर बसतात, हे मात्र जूनपासून हाताशी हवेत.

रचना सोपी आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना उभे चॅनेल, म्हणजे खाचेच्या धातूच्या पट्ट्या, त्यांत एकावर एक बसणाऱ्या फूटभर उंचीच्या दोन अॅल्युमिनियम फळ्या, मागून २५ मिलिमीटरची चौकोनी नळी, खाली आणि बाजूंना रबर. एक फळी चार किलोच्या आसपास भरते, त्यामुळे घरातली वयस्क माणसंही ती उचलू शकतात. लोखंडी फळी स्वस्त पडते, पण वजन दुपटीहून जास्त आणि तळाशी गंज ठरलेला.

कस लागतो तो चॅनेलचा. साडेतीन फुटी दारासमोर दोन फूट पाणी उभं राहिलं की फळीवर सुमारे २०० किलोचा दाब येतो. तीन फुटांना तो सव्वादोन पट होतो. म्हणून चॅनेल प्लास्टिकच्या गुट्ट्यांवर नको, दर आठ इंचांवर ८ मिलिमीटरचा अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) हवा, आणि तोही विटेत, नुसत्या गिलाव्यात नाही. तिसरी फळी मागूच नये. चार इंची भिंतीवर एवढं पाणी तोलण्यापेक्षा ते आत येऊ दिलेलं बरं, नाहीतर भिंतच जाते.

गळती बहुतेक वेळा उंबरठ्याशी होते. ग्रॅनाइट दोन-तीन मिलिमीटर वाकडा असला तर रबर तिथे टेकत नाही. आधी उंबरठा सपाट करून घ्या. चॅनेलमागची फट सिलिकॉनने भरा. फळ्या वर्षभर कसून ठेवल्या तर दबलेलं रबर पुन्हा फुगत नाही, म्हणून काढून आडव्या ठेवा आणि त्या कसायचे विंगनट (हाताने फिरवायचे नट) त्यांच्यासोबत पिशवीत बांधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे विकणारे क्वचितच सांगतात. दार कितीही घट्ट असो, गटार तुंबलं की पाणी संडासाच्या भांड्यातून आणि न्हाणीच्या जाळीतून वर येतं. आवारातल्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी, उलट येऊ न देणारी झडप) बसवल्याशिवाय फळीवर पैसे घालू नका. त्याच्या झडपेत केस, प्लास्टिक अडकलं की ती अर्धवट उघडी राहते. मे महिन्यात एकदा आणि मग पावसाळाभर दर महिन्याला साफ करा. झडप बंद असताना घरचं पाणीही बाहेर जात नाही, तेव्हा फ्लश आणि नळ वापरायचे नाहीत.

पैसे चुकते करण्याआधी चाचणी घ्या. दाराबाहेर विटा आणि चिकणमातीचा फूटभर उंच बांध घालून त्यात पाणी भरा आणि अर्धा तास थांबा. थेंब-थेंब पाझर चालेल, तो पोतं आणि बादलीने आवरतो. धार लागली तर चॅनेल उकरून पुन्हा बसवायला लावा.